फौजदारबाईंचे हात

आमच्या बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायच्या. उभ्या राहिल्या तरी हात मागे, वर्गात शिरल्या तरी हात मागे, कुणी चहाचा कप पुढे केला तरी आधी क्षणभर हात मागेच. उंच, काटक बांधा, पदर कमरेला खोचलेला, चष्म्याची दोरी गळ्यात आणि मान जराशी पुढे. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या व्हरांड्यात त्या फेरीला निघाल्या की वाटायचं, चौकीतले साहेब तपासणीला आलेत. म्हणून आम्ही पोरींनी त्यांचं नाव ठेवलं फौजदारबाई. खरं म्हणजे नाव मीच ठेवलं, उगाच दुसऱ्यांवर कशाला ढकलू? ते त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही देव जाणे. पण एकदा मला यायला उशीर झाला, तर दारातच म्हणाल्या, "या मंदाताई, चौकीवर हजेरी लावा." माझी जी बोबडी वळली म्हणता! दिवसभर मी वर मान करून बघितलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मखमलाबादचे, झेंडू-शेवंतीवाले. अण्णा पहाटेच फुलांच्या पाट्या घेऊन नाशिकच्या बाजारात जायचे. मला शिक्षिका व्हायचं होतं. डी.एड.चा नंबर थोडक्यात हुकला आणि मी चार दिवस जेवले नाही. मग पेपरात जाहिरात दिसली, तीन ते सहा वर्षांच्या मतिमंद मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकांसाठी दोन वर्षांची पदविका. तेव्हा सगळे 'मतिमंद' असंच म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लहान मुलं म्हणजे गाणी आणि गोष्टी, त्यात काय मोठंसं, असं म्हणून मी अर्ज टाकला. अण्णांनी अट घातली, "दोन वर्षं. पास झालीस तर नोकरी कर, मी आडवा येणार नाय. नापास झालीस तर निफाडचं स्थळ हाय, बागायतदार हायेत, तिथं गुमान उभं राहायचं." निफाडच्या त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, मी त्याला पाहिलंही नव्हतं. पण मला कुणाची तरी सून होण्याआधी कुणाची तरी बाई व्हायचं होतं. पोरांनी 'बाई' म्हणून हाक मारलेली ऐकायची होती. एवढ्यासाठी मी अण्णांची अट कबूल केली.

पहिल्या दिवशी फळा नाही, खडू नाही, पुस्तक नाही. बाईंनी आम्हा पंधराजणींना जमिनीवर बसवलं आणि प्रत्येकीच्या दोन्ही हातांत जाड लोकरीचे पायमोजे चढवायला लावले. समोर एकेक जुना सदरा टाकला. म्हणाल्या, "बटणं लावा." आता पायमोजे घातलेल्या हातांनी बटण लावून बघा म्हणजे कळेल! मी जीभ बाहेर काढून, घाम गाळून पहिलं बटण काजापर्यंत आणलं. तेवढ्यात शेजारची सुनंदा, जिनं वैतागून आपले मोजे काढून टाकले होते, तिनं पटकन ते लावून टाकलं. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "अगं थांब की बये! येत होतं ना मला!"

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्यासमोर येऊन उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "नाव काय तुझं? मंदा? मंदा, आत्ता जे ओरडलीस ना, ते वहीच्या पहिल्या पानावर लिही. आपल्याकडे येणाऱ्या मुलांनाही हेच ओरडायचं असतं. त्यांना ओरडता येत नाही." मी लिहिलं. मग बाईंनी सगळ्यांनाच लिहायला लावलं. पंधराजणींच्या वह्यांच्या पहिल्या पानावर 'अगं थांब की बये' असं लिहिलेलं होतं आणि वहीतपासणीला बाहेरून आलेल्या एका साहेबांनी त्याखाली प्रश्नचिन्ह काढलं होतं, हे मला चांगलं आठवतं.

मग कळलं, त्या हात मागे का बांधतात. वर्गात मुलांसमोर आम्हालाही तसंच उभं राहावं लागायचं. मूल चपलेशी झटतंय, पेल्याशी झटतंय, तुम्ही हात मागे बांधून बघत राहायचं. किती वेळ? बाई म्हणायच्या, "तुझा जीव कासावीस होईपर्यंत, आणि मग आणखी थोडा." आमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आमचेच हात. बाईमाणसाचे हात, लहानपणापासून दुसऱ्याचं करायला शिकवलेले; ते आपोआप पुढे जायचे. कुणाचे हात पुढे गेले की मागून आवाज यायचा, "हात!" एवढंच. सुनंदाला तर त्या आवाजाची इतकी धास्ती बसली होती, की घरी भावाला वाढतानाही ती दचकायची.

पण या नियमाला दुसरी बाजू होती आणि बाईंना ती जास्त महत्त्वाची वाटायची. मुलानं मदत मागितली तर एक क्षणसुद्धा थांबायचं नाही. मागणं म्हणजे काही बोलणंच नव्हे. नुसतं बघणं, हाताला धरून ओढणं, वस्तू आपल्याकडे सरकवणं, काहीही. "त्यानं मागितलं की हातातलं काम टाकून द्या," बाई म्हणायच्या. "मागितलं की मिळतं, हे त्याला एकदा कळलं ना, की निम्मं शिक्षण झालं. बाकीचं निम्मं तुम्ही आरामात शिकवा."

आणखी एक गंमत होती. आम्हा वीस-बावीस वर्षांच्या पोरींना त्या अगं-तुगं करायच्या, क्वचित खूश असल्या तर 'बये' म्हणायच्या. पण साडेतीन वर्षांच्या, नाक गळणाऱ्या पोराला मात्र, "या हो साहेब, बसा. काय म्हणतंय पोट?" पोर एखादं असं असायचं की हाकेला वळून बघायचंही नाही. बाईंचं अहो-जाहो चालूच. पालकांच्या घरी गेलो तरी आई-बापांशी बोलण्याआधी त्या मुलाशी बोलायच्या. सुरुवातीला आया ओशाळून म्हणायच्या, "त्याला नाही हो कळत काही." बाई म्हणायच्या, "मला कळतं ना, मी कुणाशी बोलतेय ते." आणि पुढे चालू. मला तर त्या पोरांचा हेवाच वाटायचा. माझ्याशी बाई इतक्या अदबीनं कधी बोलल्या नाहीत!

दुसऱ्या वर्षी प्रत्येकीच्या वाट्याला एक मूल यायचं. तीन महिने त्याच्याबरोबर काम करायचं आणि शेवटी त्याच मुलाबरोबर वार्षिक पाठ द्यायचा. पाठ बघायला बाहेरगावचे एक परीक्षक आणि आमच्या बाई, दोघं बसायचे. दोघांच्या सह्या झाल्या तरच पास. माझ्या वाट्याला आली जयू. पाच वर्षांची, गोबऱ्या गालांची, बोलत नव्हती. वडील एका कचेरीत कारकून. आई जयूला कडेवर घेऊनच आणायची, पाच वर्षांच्या पोरीला! पोळी भरवायची, पाणी पाजायची, नाक पुसायची. जयूला काय हवंय ते जयूच्या आधी आईला कळायचं. जयू आपली राणीसारखी बसलेली. तिनं कधी कुणाकडे काही मागितलंच नव्हतं, कारण मागायची वेळच यायची नाही.

मी पाठाचा विषय घेतला, मदत मागणे. साधन म्हणून एक गोल स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा, आणि त्यात जयूचा जीव की प्राण असलेली गुळाची पोळी. डबा समोर ठेवायचा आणि मी हात मागे बांधून बसायचं. पहिले पंधरा दिवस जयू डब्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि भोकाड पसरायची. दाराआड तिची आई रडायची. मी आत दातओठ खात बसलेली. हळूहळू जयू झाकणाशी झटायला लागली. मग एक दिवस ती दमून डब्यावर बोट वाजवू लागली, टक टक. माझ्याकडे नाही हं, नुसतंच. मला म्हणजे आभाळ ठेंगणं झालं. मी बाईंकडे पळत गेले. बाई म्हणाल्या, "छान. आता ते टकटक तुझ्याकडे कधी वळतंय त्याची वाट बघ. घाई केलीस तर बघ."

पाठाचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक चांगले भारदस्त, सारखे घड्याळाकडे बघणारे. पाठ अर्ध्या तासाचा. जयू डब्याशी झटली, दमली, थांबली. मी हात मागे. परीक्षकांनी खाकरून घेतलं. जयूनं बोट वाजवलं, टक टक. मी हात मागे. परीक्षकांनी पुन्हा घड्याळ बघितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं म्हणून सांगू! अण्णा आले, निफाडचं स्थळ आलं, दाखवण्याच्या कार्यक्रमाला घडी मोडायची म्हणून आईनं वर्षभर कोरी करकरीत ठेवलेली साडी आली. आणि माझे हात पुढे गेले. मी फटकन झाकण उघडलं, हसून म्हणाले, "घे गं जयू!" जयूनं पोळी घेतली, आनंदानं टाळ्या वाजवल्या. परीक्षक म्हणाले, "वा, फार सुंदर नातं जमलंय तुमचं." त्यांनी भरपूर गुण दिले आणि सही ठोकली.

बाईंनी सही केली नाही.

पंधराजणींत मी एकटी नापास. मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही, आत येऊ का विचारलं नाही. जे तोंडाला येईल ते बोलले. परीक्षकांना पाठ आवडला, तुम्ही कोण अडवणाऱ्या? तुमच्यामुळे माझ्या आयुष्याचं वाटोळं होणार. तुम्हाला काय, तुम्ही फिराल व्हरांड्यात हात मागे बांधून, फौजदारासारख्या! हो, हेसुद्धा तोंडावर बोलले. बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. माझं बोलून झालं, माझं रडूनही झालं. मग त्यांनी विचारलं, "तू झाकण उघडलंस तेव्हा जयूचे हात कुठे होते?"

मला आठवेना.

"डब्यावर होते. ती डबा तुझ्याकडे सरकवत होती, मंदा. एवढा एवढा सरकला होता." बाईंनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. "पाच वर्षांत ती पहिल्यांदा कुणाकडे तरी काहीतरी मागत होती. तू तिच्या तोंडचं काढून घेतलंस."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आमच्यापैकी आणखी कुणाला कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. बाईंना एक धाकटा भाऊ होता, वासू. तोही असाच, न बोलणारा. घरात सगळे त्याच्यावर जीव टाकायचे. "सगळ्यात जास्त मी," बाई म्हणाल्या. "त्याच्या नुसत्या डोळ्यांकडे बघून मी ओळखायची, त्याला तहान लागलीय की भूक. त्याचा मला केवढा तोरा होता! लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. वासू तिशीचा झाला तेव्हा आमची आई गेली. घर माणसांनी भरलेलं, मी त्यांच्या उस्तवारीत. रोज कुणीतरी वासूपुढे ताट ठेवायचं आणि तो ते तसंच ठेवायचा. आम्हाला वाटलं, आईच्या दुःखानं जेवत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तो भरवायची वाट बघत होता गं. भूक लागलीय हे सांगायचं असतं, हेच त्याला माहीत नव्हतं. ते आम्ही त्याला कधी कळूच दिलं नाही. माझ्या या हातांनी, मंदा."

त्या दिवशी मी बाईंचे हात पहिल्यांदा नीट पाहिले. टेबलावर उताणे ठेवलेले, शिरा उठलेले, साधे बाईमाणसाचे हात होते.

घरी अण्णांनी काही आरडाओरडा केला नाही. म्हणाले, "ठरलंय तसं करू. या रविवारी निफाडची मंडळी येत्यात." मी आतल्या खोलीत जाऊन तोंड फिरवून बसले. आणि शनिवारी दुपारी काय बघते, तर बाई आमच्या मळ्यात! शहर बसनं आल्या होत्या, बांधावरून एकट्या चालत. झेंडूच्या सऱ्यांमध्ये हात मागे बांधून उभ्या. अण्णा धोतर सावरत पुढे गेले. आईनं सतरंजी टाकली.

बाई सरळ मुद्द्यावर आल्या. "तुमची मुलगी वर्गात सगळ्यात हुशार आहे. म्हणून मी तिला नापास केलं."

अण्णा म्हणाले, "आमच्या गावात हुशार पोरांना पास करत्यात."

मी दाराआडून ऐकत होते, मला त्याही परिस्थितीत हसू फुटलं. बाईंनाही फुटलं असावं, पण त्यांनी ते गिळलं. म्हणाल्या, "अण्णा, ही उद्या कितीतरी पोरांना शिकवणार आहे. चूक करून पास झाली, तर तीच चूक ती प्रत्येक पोराच्या बाबतीत करेल आणि लोक तिचं कौतुकच करतील. ऑक्टोबरात फेरपरीक्षा आहे, तोवर मला द्या ती. नाही झाली तर निफाडला अक्षता टाकायला मी स्वतः येईन."

अण्णांनी बराच वेळ पागोट्याशी चाळा केला. मग म्हणाले, "बाई, तुमी सही केली असती तर तुमचं काय गेलं असतं?"

"माझं काही गेलं नसतं," बाई म्हणाल्या. "त्या लेकराचं गेलं असतं."

अण्णा उठले. जाताना आईला म्हणाले, "निफाडला निरोप धाडतो. ऑक्टोबर म्हंजे ऑक्टोबर, एक दिस जास्ती नाय." बाईंना त्यांनी शेवंतीची भली मोठी जुडी दिली. ती घ्यायला बाईंनी दोन्ही हात पुढे केले, लगेच.

पुढचे महिने सोपे नव्हते. माझ्या एका चुकीनं जयू पुन्हा पहिल्या पायरीवर गेली होती. आता ती झाकणाशी झटतही नव्हती, बोटही वाजवत नव्हती. डबा समोर ठेवला की माझ्या हातांकडे बघत निवांत बसायची, कारण झाकण आपोआप उघडतं हे तिनं एकदा पाहिलं होतं. उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा संपला. मी रोज मखमलाबादहून यायचे, हात मागे बांधून बसायचे, रोज हात हलवत परत जायचे. मी काही फार सोशिक वगैरे नाही, आमच्या घरात तो गुणच नाही. पण इरेला पेटले होते. जयूच्या आईलाही मी सरळ सांगितलं, "ताई, घरी तुम्ही ओळखायचं बंद करा. कळलं तरी कळलं नाही असं दाखवा." ती बिचारी म्हणाली, "अहो बाई, आईला असं येतं का?" त्या माउलीनं मला 'बाई' म्हटलं हे माझ्या लक्षात यायलासुद्धा संध्याकाळ झाली.

आणि मग कुठल्यातरी एका साध्या मंगळवारी, परीक्षक नाही, कुणी नाही, जयूनं डबा दोन्ही हातांनी धरला. माझ्या मांडीपर्यंत सरकवत आणला. माझ्या डोळ्यांत बघितलं. झाकणावर बोट वाजवलं, टक टक. मी झाकण इतक्या झटक्यात उघडलं की पोळी जमिनीवर पडली! जयू खिदळली. मी रडत होते आणि ती खिदळत होती. वळून बघते तर दारात बाई, हात मागे. त्या निघून गेल्या. पण व्हरांड्यात त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, ते मी पाहिलं.

ऑक्टोबरातल्या पाठाची तर वेगळीच तऱ्हा. परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या. मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'विषय : मदत मागणे'. जयूपुढे डबा ठेवला, हात मागे बांधले. जयूनं डबा पोटाशी धरला, दोन्ही अंगठे झाकणाखाली घातले, लालबुंद होईस्तोवर जोर लावला आणि फट्कन झाकण उघडलं. स्वतः! मग पोळी काढून खात बसली. मदत वगैरे काही मागितली नाही. परीक्षकबाई गोंधळून म्हणाल्या, "मग हा पाठ यशस्वी झाला म्हणायचं की फसला?" मी काय सांगणार, कप्पाळ? मी बाईंकडे बघितलं. बाई हसत होत्या. हात मागे बांधून हसता हसता त्यांना ठसका लागला. "फसला हो," त्या म्हणाल्या, "साफ फसला. आणा ते कागद." आणि परीक्षकबाईंच्या आधी त्यांनी सही केली.

मला नोकरी लागली, लग्नही झालं. निफाडला नव्हे, नाशकातच. काही वर्षांनी मी स्वतःचा लहान मुलांचा वर्ग सुरू केला. बाई निवृत्त झाल्यावरही अधूनमधून यायच्या, पोरांशी अहो-जाहो बोलायच्या, मला अगं-तुगं करायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "हात काय म्हणतात?" मी म्हटलं, "मागेच आहेत." त्यांचं समाधान झालं.

मग एका हिवाळ्यात कळलं, बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्या भाचीकडे, शैलाकडे राहत होत्या. मी भेटायला गेले. शैला फार गुणाची मुलगी. बाईंची मान जराशी वळली की पाणी, डोळा हलला की उशी. पेला तोंडाला, रुमाल ओठाला. मला मोठ्या अभिमानानं म्हणाली, "मला मावशीचं सगळं नुसत्या डोळ्यांवरून कळतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण हल्ली फार चिडते हो. डाव्या हातानं पेले भिरकावते. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात होतं असं."

मी बाईंकडे बघितलं. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. वहीचं पहिलं पान माझ्यासमोर होतं. अगं थांब की बये.

मी पिशवीतून डबा काढला. बाईंना आवडायची म्हणून गुळपापडी करून नेली होती. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, समोर बसले आणि हात मागे बांधले. शैला लगबगीनं पुढे आली. मी म्हटलं, "थांब." ती दुखावली. म्हणाली, "अहो, तिला नाही येणार. बघा तरी!" मी म्हटलं, "मी बघतेच आहे."

बाईंनी डब्यावर डावा हात ठेवला. अंगठा झाकणाखाली घातला, निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. डबा कलंडला. शैला दाराशी उभी राहून डोळे पुसत होती, माझ्याकडे असं बघत होती, जणू मी कुणी कसाईच आहे. माझा जीव कासावीस झाला आणि मग मी आणखी थोडी थांबले. ज्यांनी मला शिकवलं त्यांना असं झटताना बघणं किती जड जातं, ते मी कुणाला कसं सांगू?

बाई थांबल्या. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे. डाव्या हाताच्या पंज्यानं डबा हळूहळू माझ्याकडे सरकवला. झाकणावर बोट वाजवलं, टक टक.

मी एक क्षणही उशीर केला नाही.

त्यांनी वडी घेतली, खाल्ली, सावकाश, स्वतःच्या हातानं. मला वाटलं, झालं. पण बाईंचं व्हायचं होतं. त्यांनी झाकण ओढून घेतलं, डब्यावर ठेवलं आणि तळव्यानं दाबून घट्ट बसवलं. मग डबा माझ्यापासून दूर, पलीकडे, शैलाच्या दिशेनं फिरवला आणि तसाच पुढ्यात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. सरकवला मात्र नाही. शैलानं डोळे पुसले, एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती पुढे येऊन पलंगाशी बसली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

बाईंनी तिला चांगलं थांबवून ठेवलं. मग डबा तिच्याकडे सरकवला.